शाळेची एड घटली, आमचं बिल का वाढलं?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत २२ वर्षं राहतोय, मुलं शिकून बाहेर पडली, मी रिटायर झालो. यंदा शाळेची स्टेट एड, म्हणजे राज्याकडून मिळणारे पैसे, कमी झाली म्हणून टॅक्स वाढवला आणि वर टीचरही कमी केले. २ टक्क्यांच्या वर वाढ करता येत नाही ना? मग आमचं बिल ६ टक्के कसं वाढलं? आणि घराची किंमत वाढली तर आम्हाला त्याचा काय उपयोग, आम्हाला घर विकायचंच नाहीये.

उत्तर: शेवटचं वाक्य आधी घेते कारण सगळं तिथेच अडलंय. २००८ च्या कायद्यानुसार गावाने शाळेसाठी स्वतःचे किती पैसे घालायला हवेत ते स्टेट ठरवतं, अर्धा हिशोब गावातल्या प्रॉपर्टीच्या किमतीवर आणि अर्धा रहिवाशांच्या उत्पन्नावर. आजूबाजूची घरं महाग विकली गेली की गाव कागदावर श्रीमंत होतं आणि एड घटते, मग तुमच्या पेन्शनमध्ये एक डॉलरही वाढलेला नसो. मला हे अन्यायाचं वाटतं, स्पष्ट सांगते.

पण एड गरजेप्रमाणे वाटायचीच नाही असं मात्र म्हणू नका हं. पूर्वी शाळा बहुतेक प्रॉपर्टी टॅक्सवरच चालायच्या, गरीब गावाने कितीही जास्त दर लावला तरी पैसा जमायचाच नाही. १९७३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ही पद्धत घटनेविरुद्ध ठरवली, तरी विधिमंडळ पैशांची सोय करेना, शेवटी जुलै १९७६ मध्ये कोर्टाने शाळांचा खर्चच थांबवला तेव्हा कुठे काही दिवसांत राज्याचा इन्कम टॅक्स आला. तो प्रॉपर्टी टॅक्सचा भार हलका करायलाच आणला होता, म्हणून स्टेटने हात आखडता घेतला की राग टीचरवर किंवा दुसऱ्यांच्या मुलांवर काढू नका, आमदाराला पत्र लिहा.

आता २ टक्के. ही मर्यादा स्कूल डिस्ट्रिक्ट एकूण जितका टॅक्स गोळा करतं त्याला आहे, तुमच्या एकट्याच्या बिलाला नाही, आणि त्यातही कर्मचाऱ्यांच्या हेल्थ बेनिफिटचा वाढीव खर्च, वाढलेली पटसंख्या अशा कारणांसाठी मर्यादेबाहेर जायच्या सवलती आहेत. शिवाय रीव्हॅल्युएशन, म्हणजे गावातल्या सगळ्या घरांची नव्याने किंमत ठरवणं, झालं आणि तुमचं घर इतरांपेक्षा जास्त वर गेलं तर तुमचा वाटा वाढतो. बिलात शाळा, गाव, काउंटी वेगवेगळं लिहिलेलं असतं, नेमकं कुठे वाढलंय ते आधी बघा.

असेसमेंट, म्हणजे टॅक्ससाठी लावलेली घराची किंमत, जास्त वाटत असेल तर काउंटी टॅक्स बोर्डाकडे अपील करता येतं, मुदत बहुतेक ठिकाणी १ एप्रिल. तिथे टॅक्स परवडत नाही हे चालत नाही, घराची किंमत जास्त लावलीये हेच दाखवावं लागतं, त्यासाठी जवळपास विकल्या गेलेल्या तशाच घरांचे आकडे न्या. ६५ पूर्ण असतील तर पीएएस-१ हा फॉर्म भरा, प्रॉपर्टी टॅक्समध्ये मदत करणाऱ्या राज्याच्या अँकर, सीनियर फ्रीझ आणि स्टे एनजे या तिन्ही योजनांसाठी तो एकच अर्ज आहे. सीनियर फ्रीझमध्ये, उत्पन्न मर्यादेत असलात तर, बेस वर्षानंतर, म्हणजे तुम्ही पहिल्यांदा पात्र ठरलात त्या वर्षानंतर, वाढलेला टॅक्स परत मिळतो, म्हणून पहिला अर्ज लांबवू नका.

आणि स्कूल बोर्डाच्या बजेट हिअरिंगला जाच. नोव्हेंबरमध्ये बोर्डाची निवडणूक घेणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये मर्यादेतल्या बजेटवर मतदान होत नाही, त्यामुळे बोलायची जागा तीच. जाताना यूजर फ्रेंडली बजेट, म्हणजे डिस्ट्रिक्टने लोकांसाठी काढलेला बजेटचा सोपा गोषवारा, वाचून जा, आणि यंदा हेल्थ बेनिफिटची सवलत आणि बँक्ड कॅप (मागच्या वर्षांत न वापरता शिल्लक ठेवलेली वाढीची मुभा) किती वापरला ते सगळ्यांसमोर विचारा.