लेबल कुठे बसवायचं, ते आधी ठरव

अंबडच्या लॅबमध्ये नवीन लागला आहेस, म्हणून सांगते. लेबल म्हणजे रेणूत खूण म्हणून बसवलेला जड अणू, जसं ड्युटेरियम (जड हायड्रोजन) किंवा कार्बन-१३ (जड कार्बन). ड्युटेरियम कार्बन-१३ पेक्षा स्वस्त पडतं, पण ते कुठे बसवतोस यावर सगळं अवलंबून आहे. ओएच-एनएचवरचं, म्हणजे ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला जोडलेलं, ड्युटेरियम पाण्यात क्षणात निघून जातं. कार्बोनिलशेजारच्या (C=O गटालगतच्या) कार्बनवरचंही आम्ल किंवा अल्कली लागली की टिकत नाही. माझी महिन्याभराची मेहनत अशीच वर्कअपमध्ये (रिअॅक्शननंतर पदार्थ वेगळा करताना) गेली. अजून हळहळ वाटते. बेंझिन रिंगवरचं बरंच भरवशाचं.

मास स्पेकसाठी (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रासाठी) इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी नमुन्यात मिसळायचा लेबल केलेला तोच पदार्थ, करत असशील, तर साध्या पदार्थापेक्षा वस्तुमानात निदान ३ एककांचा फरक ठेव. निसर्गातल्या कार्बनमध्येच सुमारे १.१ टक्का कार्बन-१३ असतो, त्यामुळे साध्या पदार्थाची शेजारची शिखरं तुझ्या मोजणीत घुसतात. रेणूत क्लोरीन असेल तर फरक आणखी वाढव.

महाग लेबल शक्यतो शेवटच्या पायऱ्यांत आण. त्याआधी तीच रिअॅक्शन साध्या पदार्थावर दोन-तीनदा करून हात बसव.

आणि हो, नाशिकच्या पावसाळ्यात जड पाण्याची (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या पाण्याची) बाटली उघडी टाकू नकोस. ती हवेतला ओलावा ओढते आणि शुद्धता घसरते. कोरड्या नायट्रोजनखालीच उघड.