एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ आलंय. आहारतज्ज्ञाच्या मदतीने, गोळीशिवाय खाली येईल का?

येऊ शकतं. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. माझं ६.२ होतं, आठ महिन्यांत ५.६ झालं.

आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीत तक्ता दिलाच नाही. तीन दिवस जे खाल ते लिहून आणा म्हणाल्या. मी चहातली साखर सोडलेली, त्यामुळे ऐटीत गेलो. वहीत निघालं काय, तर सकाळी पोहे, चहाबरोबर चार खारी, दुपारी भात-बटाटा आणि गुरुवारी उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी! "साखर कपातून गेली, ताटातून कुठे गेली?" म्हणाल्या. पोहे बंद नाही केले, निम्मे केले आणि वर मोडाची मटकी. भाताची मूद एकच, तीही कोशिंबीर-उसळ खाऊन झाल्यावर. रात्रीचं जेवण साडेनऊवरून आठला आणलं, ते मात्र फार जड गेलं. (घरच्यांनाही.)

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात लक्ष्य होतं ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. म्हणून चालणं टाळू नका. मी जेवणानंतर पंधरा मिनिटं गच्चीवर चकरा मारतो.

दर महिन्याला एचबीए१सी करू नका, तो साधारण तीन महिन्यांचा हिशेब असतो. रक्त कमी असेल तर तो आकडा फसवाही येतो, ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि खाणं सैल सोडलं की तो परत चढतो. माझा गेल्या दिवाळीनंतर ५.८ झाला होता.