पीओपीत साबण घातला तर साचा घट्ट होतो काय?

प्रश्न : आम्ही खानापूरचे, मातीचे कप-बरण्या साच्यात ओतून करतोय. पीओपीच्या साच्यांच्या कडा लवकर झिजून पीठ पडतंय. एकजण म्हणाला पीओपीत लिक्विड सोप घाल, सर्फॅक्टंटनं (साबणात असतं तसलं रसायन) क्रिस्टल बदलतात. दातवाल्यांकडचा पिवळा स्टोन (दातांचे साचे करायची पावडर) पण जिप्समच ना, पीओपी ज्या खनिजापासून होतं तेच, मग तो एवढा घट्ट कसा? पावसात साचे वाळत नाहीत म्हणून भट्टीच्या भिंतीला टेकवून ठेवतो.

उत्तर : होय की, तो पण जिप्समच, पण साबण अजिबात घालू नका. फेस होणार, फेसाचे बुडबुडे साच्यात अडकणार आणि तुमच्या कपावर पुरळासारखे बारीक दाणे उठणार. त्या माणसानं ऐकलंय ते खरं आहे, फक्त ते काम कारखान्यात होतं. जिप्सम नुसतं कोरडं भाजलं की ओबडधोबड, फटी पडलेले कण होतात, तेच आपलं साधं पीओपी. दाबाच्या वाफेत किंवा क्षाराच्या पाण्यात केलं तर नीट भरीव क्रिस्टल वाढतात, ते पण आपोआप सुईसारखे लांब व्हायला बघतात, म्हणून त्या पाण्यात चिमूटभर सक्सिनिक अ‍ॅसिडसारखं काहीतरी घालतात, ते सुईच्या टोकांवर जाऊन चिकटतं, टोकाची वाढ अडते आणि क्रिस्टल आखूड, जाडजूड होतो. सर्फॅक्टंटचं पण तसंच, रेणूचं डोकं क्रिस्टलच्या ज्या बाजूला धरतं ती बाजू मागं राहते. असल्या जाड कणांना पाणी कमी लागतं, 100 ग्रॅमला 30 मिलीच्या आसपास, साध्या पीओपीला 60-70. खरं तर 100 ग्रॅम पावडर घट्ट व्हायला 18.6 ग्रॅमच पाणी पुरतं, जादाचं उडून जातं आणि तिथं भोकं राहतात.

पण पोत्यातल्या पावडरीचा आकार ठरून गेलेला असतो. आणि पाणी घातल्यावर जे नवे क्रिस्टल वाढतात, त्यांच्या आपल्याला उलट सुयाच पाहिजेत, एकमेकीत गुंतलेल्या, त्यावरच साच्याची ताकद असते. लिंबाचा रस पडला की साचा उशिरा आवळतो आणि कच्चा राहतो ते ह्याचमुळं, सुया आखूड होतात.

बरं, स्टोन वापरू म्हणाल तर तुमच्या कामाला ती भोकंच पाहिजेत, मातीतलं पाणी तीच ओढतात. त्यापेक्षा पाणी अंदाजानं ओतू नका, काट्यावर मोजा, पावडर पाण्यात भुरभुरवा, दोन मिनिटं मुरू द्या, मग हळू ढवळा.

आणि भट्टीची भिंत पहिली सोडा. जास्त तापलं की त्या सुयांतलं पाणी निघून परत पीठच होतंय, कडा आधी जातात. पावसात फॅनचं वारं द्या, 45 डिग्रीच्या वर नेऊ नका.