‘पैसा कथा जास, तेच समजत नही’

पंचेचाळिशी-पन्नाशीतली जोडपी समुपदेशनाला आली की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. पगार आहे तेवढाच, मेडिकलचं बिल मात्र दर वर्षी वाढतंय. डॉक्टर म्हणतात वजन उतरवा, आणि वजन उतरवायचं तर जिम, पावडरी, वेगळं खाणं, म्हणजे पुन्हा खर्चच. आमच्यासारख्यांनी करावं काय? असं कुणी विचारलं की मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या एका जोडप्याबद्दल सांगते. त्यांना इथं भाऊ आणि वहिनी म्हणते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भाऊ एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, दिवाणजी. वय ४८, वजन ९१ किलो. आधी शुगर निघाली, मग बीपी, आता गुडघे. दिवाळीपासून मार्चपर्यंत कापसाचा सीझन चालतो, तेव्हा सकाळी नऊला टेबलाशी बसलेला माणूस रात्री आठला उठतो. घर ते जिनिंग मोटारसायकल. मात्र ते आणि वहिनी माझ्याकडे आले ते वजनासाठी नाही. घरात दोघांचं बोलणंच बंद झालं होतं.

झालं होतं असं. खर्च आवरायचा म्हणून भाऊंनी शुगरची गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली होती, कुणाला न सांगता. सीझनच्या ऐन मध्यावर शुगर चारशेच्या वर गेली आणि तीन दिवस ॲडमिट व्हावं लागलं. ४१,००० रुपये बिल. वहिनींनी आपल्या पाटल्या गहाण ठेवून ते भरलं आणि घरी सांगितलं की भिशी लागली. पुढे कपाटात भाऊंना गहाणवटीची पावती सापडली.

बसल्या बसल्या भाऊ अहिराणीत म्हणाले, “ताई, पैसा कथा जास, तेच समजत नही.” पैसा कुठे जातो, तेच कळत नाही. शेतकऱ्यांच्या लाखोंच्या पेमेंटचा पैसा न् पैसा जुळवणारा हा माणूस. मी त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी येताना वर्षभराची बिलं आणा. फाइलमधली, प्लॅस्टिकच्या पिशवीतली, मोबाइलवरून दिलेली, सगळी. आणि जिनिंगची वही लिहिता तशीच ही वही लिहून आणा.

वही आली. रोजची औषधं महिन्याला २,९००, म्हणजे वर्षाचे ३४,८००. डॉक्टरांची फी आणि रक्ताच्या तपासण्या ९,०००. गुडघ्याचा एमआरआय, फिजिओथेरपी, पट्टा, मलम आणि दुखण्याच्या गोळ्या मिळून १३,०००. एका नातलगाच्या आग्रहाखातर घेतलेले वजन उतरवायच्या पावडरीचे दोन डबे, ९,२००. जळगावच्या फेऱ्या ३,०००. त्यात ॲडमिटचं बिल. बेरीज १,१०,०००. भाऊंचा पगार २४,०००, म्हणजे साडेचार महिन्यांचा पगार गेला, आणि बुडालेल्या खाड्यांचे पैसे यात धरलेलेच नाहीत.

दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिले. वहिनींची समजूत होती की पैसा भाऊंच्या बाहेरच्या शेवभाजीत जातो. भाऊंना वाटायचं, लग्नाकार्यातल्या आहेरांत जातो. वर्षभर दोघं एकमेकांच्या हाताकडे बघत होते आणि पैसा पाचशे-सातशेच्या तुकड्यांनी तिसरीकडेच जात होता. ४१,००० चं बिल सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण त्याहून मोठी रक्कम अशीच थोडी थोडी गेली होती.

मग मी भाऊंना विचारलं, गोळ्या अर्ध्या केल्या हे डॉक्टरांना का नाही सांगितलं? बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, दवाखान्यात गेलं की आधी सगळ्यांसमोर काट्यावर उभं करतात, कंपाउंडर मोठ्यानं आकडा सांगतो, आणि बाकावरची माणसं बघतात. लग्नात पंगतीला बसलं की वाढपीसुद्धा पोटावरून बोलतो. ‘वजन कमी करा’ या वाक्यात त्यांना ‘तू आळशी आहेस’ एवढंच ऐकू यायचं. म्हणून दोन महिन्यांनी जायचं ते सहा महिन्यांनी जायचे. मला कळकळीनं सांगावंसं वाटतं, की घरातल्या आणि दवाखान्यातल्या अशा टोमण्यांनी कुणाचं वजन उतरत नाही. माणूस तपासणीपासून लांब पळतो आणि शेवटी बिल फुगतं. वहिनींना मी त्याच दिवशी सांगितलं, जेवताना वजनाचा विषय काढायचा नाही.

पुढचं सगळं आम्ही क्रमानं ठरवलं. आधी औषध. ते एक दिवसही चुकवायचं नाही, आणि बंद किंवा कमी करायचं ते फक्त डॉक्टरांनी. पैसे वाचवायचे तर ते औषधाच्या किमतीत. भाऊंनी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, हीच औषधं जेनेरिकमध्ये, म्हणजे तेच औषध पण मोठ्या ब्रँडशिवाय, चालतील का? डॉक्टरांनी लिहून दिली आणि जनऔषधी केंद्रावर, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात, महिन्याचं बिल हजाराच्या आत आलं. मधुमेहाच्या काही नव्या औषधांची पेटंटं अलीकडे संपली आहेत, सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. त्यांचे भाव पुष्कळ उतरले, तरी जुन्या चिठ्ठीवर जुनाच महाग ब्रँड चालू राहतो. म्हणून विचारायला लाजू नये. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. चोपड्याचं उपजिल्हा रुग्णालय भाऊंच्या घरापासून जवळ, पण शुगर-बीपी तपासायला ते तिथं कधी गेलेच नव्हते.

राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दलही त्यांचा गैरसमज होता, तो बहुतेकांचा असतो. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते यादीतल्या उपचारांसाठी आणि यादीतल्या रुग्णालयांत. रोजच्या गोळ्या, ओपीडीची फी, नेहमीच्या तपासण्या हे आपल्याच खिशातून जातं, आणि भाऊंच्या वहीतली मोठी रक्कम तीच होती. ॲडमिट व्हायची वेळ आलीच तर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारा, एवढं मी प्रत्येक घराला सांगते.

मग हालचाल. ‘सीझन संपला की चालायला लागतो,’ असं भाऊ दर वर्षी म्हणायचे. सीझन संपतो तेव्हा आपल्याकडे ऊन त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेलेलं असतं, मग पावसाळा, मग पुन्हा दिवाळी. म्हणून सुरुवात सीझनमध्येच केली. गाडी आली की वजनकाट्याची चिठ्ठी आणायला पोरगं पळायचं. ती आता भाऊ स्वतः आणू लागले. दिवसाला पंधरा-वीस गाड्या, तेवढ्या फेऱ्या. रात्री जेवण झाल्यावर दोघांनी अर्धा तास चालायचं. वहिनी आधी तयार नव्हत्या, घरातली कामं काय कमी आहेत का, म्हणाल्या. पण त्यांचीही तपासणी करून घेतली तेव्हा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ निघालं. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर.

त्या आकड्यानं माझ्या मते घर हललं. कारण इथं अजून खर्च अडवता येतो. आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि आहार सांभाळून वजनात सात टक्के घट, एवढं उद्दिष्ट ठेवल्यावर, उंबरठ्यावरच्या माणसांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटल्याचं अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात २००२ मध्ये दिसलं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात हे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि तिथं लोकांचं वजन फारसं उतरलेलंच नव्हतं. मला हा दुसरा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. काटा हलला नाही म्हणून महिन्याभरात चालणं सोडणारी माणसं मी सतत बघते. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

जेवणाबद्दल फार बोलले नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, भरीत, मुगाची डाळ हे घरात होतंच, फक्त तेल मोजून घ्यायचं ठरलं. शेवभाजी आठवड्यातून एकदा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणपोळी-आमरस, तोही बेतानं. पावडर बंद. वजन उतरवायच्या इंजेक्शनांचंही भाऊंनी विचारलं. ती खरंच काम करतात, पण कुणाला द्यायची ते डॉक्टरांनी ठरवायचं, आणि तो चालू राहणारा खर्च आहे, हे धरूनच विचार करावा.

वर्षभरात भाऊंचं वजन पाच किलो उतरलं. ऐकायला थोडं वाटतं. पण एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. दुखण्याच्या गोळ्या सुटल्या. शुगरची एक गोळी डॉक्टरांनीच कमी केली, बीपीची तशीच आहे आणि बहुधा राहील. वहिनींचं एचबीएवनसी ५.८ वर आलं. वर्षाचा खर्च ३०,००० च्या आसपास. यातली पहिली बचत जेनेरिकची आणि बंद केलेल्या पावडरीची होती. चालण्याची बचत दिसायला सात-आठ महिने गेले.

पाटल्यांचे दोन हप्ते बाकी आहेत. मागच्या भेटीत भाऊंनी आरोग्यविम्याचा विषय काढला. वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, आणि आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षांची. एजंट म्हणाला होता, शुगर लिहू नका, हप्ता कमी पडेल. मी म्हटलं, लिहा, नाहीतर ऐन वेळी क्लेम नाकारतील. त्यांनी शुगर, बीपी, वजन सगळं खरं लिहिलं. हप्ता जास्त लागला, आणि तो वहीत पहिल्या पानावर मांडला आहे.