‘सहा महिने झाले, मला एकही गोष्ट हॅक करता येत नाही’

‘मॅडम, माझ्यात ते डोकंच नाही,’ खुर्चीत टेकता टेकताच तो म्हणाला. वय एकोणीस. सहा महिने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघून हॅकिंग शिकत होता आणि हाती काही लागलं नव्हतं. हीच खंत घेऊन बरीच मुलं माझ्याकडे येतात, म्हणून त्याच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याने लॅपटॉप उघडला. काली लिनक्स, म्हणजे सुरक्षा-तपासणीची टूल्स भरलेली संगणकप्रणाली, आणि काळा पडदा. स्वतःच्या घरच्या राउटरवर आदल्या रात्री चालवलेल्या एनमॅपच्या, म्हणजे नेटवर्कवर काय काय उघडं आहे ते शोधणाऱ्या टूलच्या, ओळी त्याने दाखवल्या.

‘हे ४४३ ओपन म्हणजे काय रे?’
‘पोर्ट उघडा आहे.’
‘आणि पोर्ट म्हणजे?’

तो पडद्याकडे बघत राहिला. कान लाल झाले होते.

समुपदेशनाकडे वळण्याआधी काही वर्षं मी नेटवर्क सांभाळायचं काम केलं, म्हणून मला हे विचारता आलं. पोर्ट म्हणजे यंत्रावरचा क्रमांक दिलेला दरवाजा, आणि ४४३ हा सुरक्षित वेबपानांचा. एनमॅप त्याला सगळं सांगत होतं, पण ती लिपीच त्याला वाचता येत नव्हती. टूल्स पाठ झाली की हॅकर झालो, असं त्याला वाटत होतं. लिनक्सची ओळख नसलेल्याने कालीपासून सुरुवात करू नये, असं काली बनवणारेच सांगतात. ‘हॅक’ हा शब्द संगणकवाल्यांनी उचलला तो अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या मॉडेल रेल्वेच्या क्लबमधून. तिथली मुलं रुळांखालच्या तारा आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, उकलत बसायची. उकलण्याची ती ओढ या मुलात होती, फक्त त्याने भलत्या टोकाकडून सुरुवात केली होती.

मी कोरा कागद पुढे केला. ‘ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबलंस, की पान दिसेपर्यंत काय काय घडतं? लिही.’ दोन ओळींत तो अडला. डीएनएस (नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता शोधणं), टीसीपीची तीन टप्प्यांची ओळखपाळख (दोन यंत्रांनी जोडणी पक्की करणं), टीएलएस (संवाद कूटबद्ध करणं), मग विनंती आणि उत्तर, हे सगळं मध्ये राहून गेलं होतं. तो कागद घरी घेऊन जायला सांगितलं.

निघताना त्याने चाचरत आणखी एक गोष्ट सांगितली. एक मित्र कुणाचं तरी अकाउंट उघडून दे म्हणून मागे लागला होता. ‘सरावच होईल ना?’ इथे मात्र मी कडक बोलले. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणं हा बहुतेक देशांत गुन्हा आहे आणि ‘शिकत होतो’ म्हटल्याने सुटका होत नाही. सरावाला जागा कमी नाहीत. ओवास्प या वेबसुरक्षेच्या संस्थेचं ज्यूस शॉप हे सरावाचं संकेतस्थळ तर मुद्दाम भोकं ठेवूनच बनवलेलं आहे. चुका शोधून देणाऱ्यांना नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने १९९५ सालीच बक्षिसं देऊ केली होती. आज कितीतरी कंपन्या देतात, पण आखून दिलेल्या हद्दीत राहणाऱ्यालाच.

दीड महिन्याने तो स्वतः पायथनमध्ये बनवलेलं लॉगिनचं पान घेऊन आला. नावाच्या रकान्यात त्याने एकच अवतरणचिन्ह टाकलं आणि पान डेटाबेसची चूक ओकून बंद पडलं. ‘बघा मॅडम, मी नाव थेट डेटाबेसला द्यायच्या आज्ञेतच चिकटवलं होतं. ते चिन्ह आलं की डेटाबेसला वाटतं नाव संपलं, पुढचं सगळं आज्ञा आहे.’ मग नाव आज्ञेपासून वेगळं पाठवणारी दुरुस्ती दाखवली. पुन्हा तेच चिन्ह टाकलं. पान शांत.

कागदही आणला होता, आता चार पानांचा. डीएनएसपाशी लाल शाईचं प्रश्नचिन्ह होतं. ‘हे कॅशचं, एकदा मिळालेला पत्ता जपून ठेवण्याचं, अजून नीट कळलं नाही,’ तो म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून बसला.