परदेशात फिरताना पासपोर्ट सतत जवळ बाळगावा का, आणि रस्त्यात पोलिसांनी मागितल्यास तो द्यावा का?

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देशागणिक बदलते. दुसऱ्याचे माझे उत्तर मात्र ठाम आहे: ज्याची ओळख पटलेली नाही त्याच्या हाती पासपोर्ट किंवा पाकीट देऊ नये, मग तो कितीही अधिकारवाणीने बोलत असो.

युरोपातील एका राजधानीत मी थोरल्या बंधूंबरोबर पायी फिरत असताना एका गृहस्थाने नकाशा पुढे करून रस्ता विचारला आणि नोट मोडून मिळेल का, अशीही विचारणा केली. आम्ही नाही म्हणतो न म्हणतो तोच साध्या कपड्यांतील दोघे पुढे आले आणि आपण पोलीस असून खोट्या नोटांचा तपास करीत आहोत, असे सांगून आम्हा तिघांकडेही पासपोर्ट व पाकिटे मागू लागले. नकाशावाल्याने काही न विचारता लगबगीने पाकीट काढून दिले. त्यांनी त्यातील नोटा नाकाशी नेऊन हुंगल्या आणि परत केल्या. हा माणूस त्यांच्यातलाच असतो, आणि त्याचे पाहून आपलाही हात खिशाकडे जावा एवढेच त्याचे काम असते. ओळखपत्र माझ्यासमोर क्षणभरच धरले गेले, तेही छायाचित्रावर अंगठा ठेवून. मी म्हणाले, की कागदपत्रे पोलीस ठाण्यातच दाखवीन, ठाणे कोठे आहे ते सांगा, आम्ही चालत येतो. आणि फोन काढून ११२ क्रमांक लावू लागले. फोन लागण्यापूर्वीच ते दोघे गर्दीत मिसळले, आणि नकाशावालाही दिसेनासा झाला.

दादांनी तोवर पाकीट बाहेर काढलेच होते. मुक्कामी परतल्यावर त्यांनी मलाच सुनावले, की परक्या मुलुखात अधिकाऱ्यांशी हुज्जत घालू नये, उद्या आत टाकले तर सोडवायला कोण येणार? नातेवाइकांत आजही ते माझ्या उर्मटपणाचा दाखला म्हणून हा प्रसंग सांगतात. माझे म्हणणे असे, की ठाण्यात चला म्हटल्याने खऱ्या पोलिसाचा अपमान होत नाही, आणि अटक झालीच तर आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारानेच परदेशी माणसाला दिलेला आहे. उलट पासपोर्ट गेला तर पोलिसांत तक्रार, वकिलातीत खेटे, तात्पुरते प्रवासपत्र हे सारे ओघाने आलेच. हरवल्याची नोंद एकदा इंटरपोलच्या यादीत गेली, की तोच पासपोर्ट पुढे सापडला तरी त्यावर प्रवास करू नये. सीमेवर अडवले जाण्याची शक्यता असते.

अर्थात गणवेशातील पोलिसाने रीतसर मागितल्यास कागदपत्रे दाखवावीत. जपानसारख्या देशात तर परदेशी पर्यटकाने पासपोर्ट जवळ बाळगणे कायद्यानेच बंधनकारक आहे. जेथे तसा नियम नाही तेथे तो मुक्कामी कुलपात ठेवावा आणि छायाप्रत बाळगावी. ११२ हा क्रमांक युरोपीय संघात सर्वत्र चालतो. इतरत्र तेथील क्रमांक आधीच पाहून ठेवावा. कोणी शस्त्र दाखवले तर मात्र पाकीट निमूटपणे द्यावे, तेथे वाद घालू नये.

आणि कोणाबरोबर जाणार असाल तर निघण्यापूर्वीच ठरवा, की एकाने नकार दिल्यावर दुसऱ्याने, तो वयाने थोरला असला तरी, सौजन्य म्हणून पाकीट पुढे करायचे नाही.