मल्टिकास्टला काय म्हणावे, आणि ‘गाळणे’ म्हणजे ठेवणे की टाकणे?

प्रश्न असा आला आहे: तंत्रनिकेतनातल्या मुलांसाठी राउटर कॉन्फिगर करायला शिकवणारी मराठी पुस्तिका लिहितो आहोत. ‘मल्टिकास्ट राउटिंग’साठी (एकच प्रवाह मागणाऱ्या अनेकांपर्यंत पोचवणे) ‘बहुप्रक्षेपण मार्गन’ आणि ‘ग्रुप फिल्टरिंग’साठी (अशा प्रवाहांचे कोणते गट येऊ द्यायचे, कोणते अडवायचे ते ठरवणे) ‘गट गाळणी’ असे शब्द केले आहेत. ते चालतील का?

पहिला शब्द फसवा आहे, पण दुसरा धोक्याचा आहे, म्हणून आधी दुसऱ्याकडे वळतो.

चहा गाळला की गाळलेला चहा आपण पितो आणि चोथा टाकतो. यादीतून नाव गाळले की मात्र नावच जाते. ‘गाळलेल्या जागा भरा’मध्येही गाळलेले ते नसलेले. प्रत्येक मल्टिकास्ट गटाला आकड्यांचा एक पत्ता असतो. मग पुस्तिकेत ‘239.1.1.5 हा गट गाळा’ असे वाचून मुलाने काय करायचे, तो गट येऊ द्यायचा की अडवायचा? ‘निवडणे’ हे क्रियापदही असेच दुतोंडी आहे. तांदूळ निवडले तर तांदूळ राहतात, खडे निवडले तर खडे जातात. घरात ताट समोर असते म्हणून कोणाचा गोंधळ होत नाही. राउटरपुढे ताट नसते. खुद्द फिल्टर या शब्दालाही हाच रोग आहे, म्हणून तर सिस्को कंपनीच्या राउटरवरच्या नियमांच्या यादीत प्रत्येक ओळीला परमिट (येऊ द्या) किंवा डिनाय (अडवा) असे स्पष्ट लिहावे लागते.

त्यातही एक मेख आहे. यादीच्या शेवटी न दिसणारी एक ओळ असते: वर ज्याचे नाव नाही ते सगळे बंद. नवखा असताना मी एक गट अडवायला एकाच डिनायची यादी केली आणि ‘आयपी आयजीएमपी ॲक्सेस-ग्रुप’ या आज्ञेने ती इंटरफेसवर, म्हणजे राउटरच्या एका जोडणीवर, लावली. लगेच काहीच झाले नाही, म्हणून समाधानाने चहाला गेलो. जुन्या नोंदींची मुदत संपत गेली तसे कॅमेऱ्यांचे पडदे एकामागून एक काळे झाले. एक गाळायला गेलो आणि सगळे गळाले! तेव्हापासून मी ‘गाळणे’ वापरत नाही. ‘येऊ द्या’ आणि ‘अडवा’ एवढेच लिहितो.

आयजीएमपी म्हणजे यंत्राने राउटरकडे गट मागायची ठरलेली बोली. 2002 साली तिची तिसरी आवृत्ती आली, तिच्यात गटाबरोबर पाठवणाराही निवडता येतो. तिथले दोन प्रकार म्हणजे इन्क्लूड आणि एक्सक्लूड. ‘समावेशी’ आणि ‘वर्जक’ असे शब्द पाडण्यापेक्षा घरातली भाषा पुरते: ‘एवढेच’ आणि ‘एवढे सोडून’. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला आपण हेच सांगतो.

आता ‘बहुप्रक्षेपण’. प्रक्षेपण शब्दाशी माझे भांडण नाही, त्यातला ‘क्षेप’ म्हणजे फेकणेच. गंमत म्हणजे ब्रॉडकास्टचा मूळ अर्थही शेतातला आहे, हाताने बी विखरून फेकणे. आपल्याकडे त्याला फोकणे म्हणतात. खत फोकून देतात ते हेच. अडचण ‘बहु’ची आहे. त्याने वाटते की हे नेहमीच्या प्रक्षेपणापेक्षा मोठे असावे. खरे तर उलटे आहे. ब्रॉडकास्ट हवे-नको न विचारता जाळ्यातल्या सगळ्यांना जाते. मल्टिकास्ट ज्यांनी मागितले त्यांनाच. पाठवणारा एकच प्रत सोडतो आणि वाट जिथे फुटते तिथे राउटर जास्तीच्या प्रती काढतो. स्टीव्ह डीअरिंग यांनी 1989 च्या आरएफसी 1112 या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात याची घडी बसवली. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातले क्षणाक्षणाचे सौदे दलालांच्या यंत्रांपर्यंत असेच पोचतात.

म्हणून माझे मत: नाम मल्टिकास्टच राहू द्या, राउटिंगही. ‘मार्गन’ कोणीच बोलणार नाही. मराठी हवी ती क्रियापदांत, आणि ती पाटाच्या पाण्यात तयार आहे.

मल्टिकास्टची वाट राउटर आपसात ज्या पद्धतीने ठरवतात त्या पिमचे दोन मुख्य प्रकार घ्या. डेन्स-मोडमध्ये प्रवाह आधी सगळीकडे सोडतात, ज्याला नको तो मागे कळवतो आणि ती फांदी छाटली जाते. सिंचनातले ‘मोकाट पाणी’ म्हणजे हेच. ‘छाटणी’ शब्दही चपखल बसतो, कारण द्राक्षवेलीसारखी छाटलेली फांदी इथेही पुन्हा फुटते: साधारण तीन मिनिटांनी छाटणीची मुदत संपली की प्रवाह परत येतो. स्पार्स-मोड म्हणजे कालव्याचा नमुना 7. अर्ज भरला नाही तर पाणी नाही. इथे अर्ज आयजीएमपीने राउटरकडे जातो आणि राउटर तो आरपी (रॉन्देव्हू पॉइंट, भेटीचे ठिकाण) नावाच्या ठरलेल्या राउटरकडे पुढे सरकवतो. आरपीला ‘संकेतस्थळ’ म्हणायचा मोह होईल, पण तो शब्द वेबसाइटने आधीच पळवला आहे. आरपीच म्हणा.

‘गट’ चालेल, फक्त एक खुलासा करा. बचत गटात सभासदांची वही असते, इथे तशी वही लागत नाही. मानकाप्रमाणे राउटर दर 125 सेकंदांनी ‘आहे का कोणी?’ विचारतो. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत एकाने ‘हो’ म्हटले की त्याच गटातले बाकीचे गप्प बसत, कारण या बाजूला कोणीतरी आहे एवढेच राउटरला हवे असते. आणि पाठवणारा गटात असलाच पाहिजे असेही नाही!

एक शब्द मात्र मला आयता सापडला. आरपीएफ (रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंग) तपासणीत राउटर पाहतो की पॅकेट ज्या इंटरफेसवरून आले, त्याच इंटरफेसवरून आपण त्याच्या उगमाकडे गेलो असतो का. नसेल तर पॅकेट टाकून देतो, नाहीतर ते गोल गोल फिरत राहील. याला मी ‘आल्या वाटेची तपासणी’ म्हणतो, आणि वर्गात ते एका दमात कळते.

तुमच्या पहिल्या धड्यातली सूचना मी अशी लिहीन: ‘राउटरवर मल्टिकास्ट राउटिंग सुरू करा. लागणाऱ्या प्रत्येक इंटरफेसवर पिम स्पार्स-मोड द्या. सगळ्या राउटरांना एकाच आरपीचा पत्ता सांगा. कॅमेरे पाहणाऱ्यांच्या इंटरफेसवर 239.1.1.0 ते 239.1.1.255 एवढेच गट येऊ द्या. बाकीचे आपोआप अडतील.’